मांस दिसतं, हाड कुठं आहे?

पहाटेचे ढोल अजून वाजलेले नाहीत. ते वाजल्याशिवाय या शहरातल्या वस्त्यांच्या वेशी उघडत नाहीत, म्हणून तुम्ही कालची रात्र पागेतच काढली आहे, वैरणीच्या गंजीला टेकून. पाठीला गवत टोचतं आहे. हवेत लीद, घाम आणि भिजवलेल्या दाण्यांचा वास आहे. अंधारात कुणीतरी फुरफुरतं, लाकडावर खूर आपटतो, आणि त्या एका आवाजाने सगळी पागा जागी होते.

साल इसवी सन 750. शहर चांगआन, थांग घराण्याची राजधानी; आज त्याला शीआन म्हणतात. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएन त्संग 645 साली याच शहरात परतला होता. त्याला आता शंभरावर वर्षं झाली. गादीवर सम्राट श्वानझोंग आहे. त्याला संगीताचं वेड आहे आणि घोड्यांचं त्याहून जास्त. त्याच्या वाढदिवसाला शंभर घोडे तालावर नाचतात आणि शेवटी तोंडात पेला धरून गुडघे टेकतात. पण तुम्ही नाचणारे घोडे पाहायला आलेला नाहीत. पश्चिमेच्या गवताळ रानांतून, पार फर्गानाकडून आलेले, अजून माणसाला पुरते न सरावलेले घोडे पाहायला तुम्ही आला आहात. त्या जातीच्या घोड्यांच्या घामाला रक्ताचा रंग असतो, अशी इथल्या लोकांची जुनी समजूत आहे.

ढोल सुरू होतात. फटीतून उजेड आत येतो आणि समोरच्या खुंटाला बांधलेला पांढरा घोडा दिसू लागतो.

तुम्ही घाईने सहाणेवर पाणी घालता आणि शाईची वडी उगाळायला घेता. एकच कागद आणला आहे, तोही मांडीवर पसरलेला. कुंचला शाईत बुडवता आणि हाताला सवय असलेला घोडा काढता. आधी पाठीची लांब रेघ, मग मानेचा बाक, मग चार पाय, शेवटी ज्वाळांसारखी उडणारी आयाळ. रानटी दिसावा म्हणून तोंड उघडं ठेवता, दात दाखवता. काम झाल्यावर कागद लांब धरून पाहता. बरा जमला आहे.

मागे कुणीतरी उभं आहे. हातात खरारा घेतलेला एक म्हातारा मोतद्दार. तो बराच वेळ बोलत नाही. मग विचारतो, “हा रागावलाय की घाबरलाय?”

तुम्ही म्हणता, “रानटी आहे.”

“ते नाही विचारलं. त्याचे कान बघ. तू दोन्ही पुढे काढलेस. कान पुढे म्हणजे त्याला समोर काहीतरी नवं दिसलंय, ते काय आहे ते त्याला कळून घ्यायचंय. रागावलेल्याचे कान मागे पडतात, मानेला चिकटतात. तू तोंड रागावलेलं काढलंस आणि कान कुतूहलाचे. हे दोन घोडे आहेत, बाळा, एक नाही.”

तुम्ही समोर पाहता. पांढऱ्याचा एक कान पुढे आहे, दुसरा हळूच तुमच्याकडे वळला आहे. तो तुम्हाला ऐकतो आहे.

“आणि तोंड मिट त्याचं,” म्हातारा पुढे म्हणतो. “घोडा तोंडाने श्वास घेत नाही. कितीही धावला तरी सगळा श्वास नाकातून. त्याचा जीव बघायचा तर नाकपुडी बघ.”

तो खरारा खाली ठेवतो आणि पांढऱ्याच्या जवळ जातो. घोडा मान वर फेकतो. नाकपुड्या फुलतात, आतला लालसर रंग दिसतो. डोळा एवढा फिरतो की बुबुळाभोवतीची पांढरी कड उघडी पडते. सगळा भार मागच्या पायांवर जातो, पुढचे दोन्ही खूर जमिनीवर ठरत नाहीत आणि खांद्यावरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. म्हातारा एक पाऊल मागे येतो. घोड्याची मान पुन्हा खाली येते.

“बघितलंस? तुझ्या चित्रात चारही पायांवर सारखा भार आहे. बिथरलेला घोडा तसा उभा राहत नाही.”

कागद एकच आहे, शाई खोडता येत नाही. तुम्ही उरलेल्या जागेत नुसता एक डोळा काढता, एक नाकपुडी, एक मागे पडलेला कान. म्हातारा मान हलवतो आणि दुसऱ्या घोड्याकडे निघून जातो. त्याने तुम्हाला छान म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. जे चुकलं त्यावर नेमकं बोट ठेवलं, आणि तुम्हाला पुन्हा घोड्याकडे पाहायला लावलं.

पागेच्या दुसऱ्या टोकाला चाळिशीचा एक माणूस बसला आहे. त्याच्यापुढे कागद आहे, पण हात हलत नाही. तो नुसता बघतो आहे. हा हान गान. पोरवयात तो दारूच्या दुकानात कामाला होता आणि गिऱ्हाइकांकडे उधारी वसूल करायला जायचा. असाच एकदा कवी आणि चित्रकार वांग वेई याच्या दारात ताटकळत असताना त्याने वेळ घालवायला मातीवर माणसं आणि घोडे काढले. वांग वेईने ते पाहिले. पुढे दहा वर्षांहून जास्त काळ तो या पोराला चित्रकला शिकण्यासाठी वर्षाला वीस हजार नाणी देत राहिला, असं जुन्या ग्रंथात नोंदलं आहे. मातीवरची रेघ वाऱ्याने पुसली जाण्याआधी ती एका जाणत्या नजरेला पडली. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठी दाद क्वचितच मिळते.

दरबारात आल्यावर सम्राटाने त्याला छन होंग या नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली शिकायला सांगितलं. काही दिवसांनी सम्राटाच्या लक्षात आलं की याचे घोडे गुरूसारखे दिसत नाहीत. कारण विचारल्यावर हान गानने सांगितलं की आपल्या पागेतले घोडे हेच माझे गुरू. या उत्तरात उद्धटपणा नव्हता. आज सकाळी म्हाताऱ्याने तुम्हाला तेच शिकवलं.

तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहता. आता हात चालू लागला आहे. सम्राटाच्या लाडक्या घोड्याचं नाव आहे ‘रात्र उजळणारा पांढरा’. हान गान खुंटाची सरळ, ताठ रेघ काढतो. तिच्या शेजारी घोड्याची एकही रेघ सरळ नाही. मान वळलेली, आयाळ उभी, नाकपुड्या ताणलेल्या, डोळा पाहणाऱ्याकडे फिरलेला. पाय जागच्या जागी नाचत आहेत. अंगाला शाईची अगदी हलकी छटा, तेवढ्यावर गोलाई येते. खाली जमीन नाही, पाठीवर खोगीर नाही, स्वार नाही. कोऱ्या कागदावर फक्त एक जनावर आणि एक लाकूड आहे. रानटीपणा दाखवायला त्याने घोडा मोकळा सोडला नाही, बांधून ठेवला. जे सुटू पाहतं आहे ते दोरीमुळेच दिसतं.

आता कागद गुंडाळा. चौदा वर्षं पुढे जायचं आहे.

वाटेत जे दिसतं ते डोळे मिटून ओलांडावंसं वाटेल, पण मिटू नका. 755 च्या अखेरीला सेनापती अन लूशान बंड करतो. पुढच्या वर्षी सम्राट राजधानी सोडून पळतो. नाचणारे घोडे पांगतात. त्यांतले काही एका सेनापतीच्या लष्करी पागेत जातात, जिथे त्यांची विद्या कुणालाच ठाऊक नाही. एके दिवशी छावणीत वाद्यं वाजतात आणि घोडे जुन्या सवयीने नाचू लागतात. सैनिकांना वाटतं, यांना भुताने झपाटलं. ते त्यांना झोडपतात. घोड्यांना वाटतं आपला ताल चुकला, म्हणून ते आणखी मन लावून नाचतात. मरेपर्यंत. ही कथा चिनी लेखकांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. 1970 मध्ये शीआनजवळ जमिनीत सापडलेल्या एका चांदीच्या सुरईवर तोंडात पेला धरलेला असा घोडा आजही दिसतो.

764. छंगतू, नैर्ऋत्येकडचं शहर. पावसाळी हवा, बांबूची बेटं. पन्नाशी ओलांडलेला एक कवी म्हाताऱ्या चित्रकारासमोर बसला आहे. कवी दू फू, चित्रकार छाओ बा. हा छाओ बाही हान गानचा गुरू. एके काळी सम्राटाच्या घोड्यांची चित्रं त्याने भर दरबारात काढली होती. आता हुद्दा गेला, पैसा गेला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचीही तसबीर काढून तो पोट भरतो. त्याला उद्देशून दू फू एक दीर्घ कविता लिहितो आणि तिच्यात जाता जाता शिष्यावर एक ठपका ठेवतो. हान गान फक्त मांस रंगवतो, हाड रंगवत नाही, आणि त्यामुळे उमद्या घोड्याचं तेजच मावळून जातं, असा त्याचा आशय आहे.

तुम्ही गुपचूप आपला कागद उलगडता. कान सुधारला होता, नाकपुडी जमली होती. पण अंग? पुठ्ठे गोल, छाती भरलेली, पोट तुकतुकीत. राजाच्या पागेतला, दोन वेळ दाणा खाणारा घोडा. याच्या कातडीखाली काय आहे, ते तुम्ही पाहिलंच नाही.

दू फूचं बोलणं इतकं का झोंबतं, ते समजून घ्यायला त्याच्या डोळ्यांनी थोडं पाहावं लागेल. बंडाच्या काळात तो शत्रूच्या ताब्यातल्या चांगआनमध्ये अडकला होता. सैन्याने रस्त्यावर टाकून दिलेल्या एका हडकुळ्या, आजारी घोड्यावर त्याने एक स्वतंत्र कविता लिहिली आहे. ज्याने तो घोडा पाहिला, त्याला गुबगुबीत घोडा आता बघवत नाही. याच दू फूने हान गानच्या घोड्यांची तोंड भरून स्तुतीही लिहून ठेवली आहे, हेही विसरू नका. म्हणजे हा द्वेष नव्हता. पाहणाऱ्याचा काळ बदलला की चित्राकडून त्याची मागणीही बदलते.

पुढचा मुक्काम 847. चित्रकलेचा इतिहास लिहिणारा झांग यानयुआन दिव्याच्या उजेडात बसला आहे आणि दू फूला उत्तर देतो आहे. दू फूला चित्रातलं काय कळतं, असं तो रोखठोक लिहितो. सम्राटाला थोराड घोडे आवडत, त्याच्या पागांत चार लाखांपर्यंत घोडे होते, पश्चिमेकडून दरवर्षी उत्तम जनावरं येत, ती तशीच भरदार होती, मग हान गानने जे दिसलं ते काढलं यात त्याचा काय दोष?

तुम्ही दोघांच्या मध्ये उभे आहात. एक म्हणतो, समोर जे आहे ते काढ. दुसरा म्हणतो, त्याच्या आत जे आहे ते काढ. यांतला एक खरा आणि दुसरा खोटा असं ठरवायची घाई करू नका. माझं मत विचाराल तर झांगचं म्हणणं वस्तुस्थितीला धरून आहे, पण दू फूचं म्हणणं पुढे चालत राहिलं. ज्या टीकेला नवं चित्र काढूनच उत्तर देता येतं, ती टीका मोलाची. दू फूच्या त्या ओळींना उत्तर म्हणून चित्रकार शेकडो वर्षं घोडे काढत राहिले.

त्यांतल्या एकाच्या घरी चला. तेराव्या शतकाची अखेर. मंगोलांनी सोंग घराण्याचं राज्य संपवलं आहे. गोंग काई हा जुन्या राज्याचा अधिकारी नव्या सत्तेची चाकरी करायला तयार नाही. घरात इतकं दारिद्र्य की कागद पसरायला मेजसुद्धा नाही. असं सांगतात की त्याचा मुलगा ओणवा व्हायचा आणि बाप त्याच्या पाठीवर कागद ठेवून चित्र काढायचा. दारात उभं राहून बघा. मुलगा श्वास रोखून आहे. हलला तर रेघ हलेल. त्याच्या पाठीवर एक घोडा उतरतो आहे. मान खाली, आयाळ वाऱ्यावर विस्कटलेली, आणि कातडीखालून उठून दिसणाऱ्या बरगड्या. तुम्ही मोजता. पंधरा. सामान्य घोड्याच्या दहाच बरगड्या दिसतात, एका दिवसात हजार ली (अंतराचं चिनी माप) धावणाऱ्या घोड्याच्या पंधरा, असं गोंग काई मानतो. म्हणजे ही नुसती उपासमार नाही. उपासमारीने या घोड्याची खरी जात उघडी पडली आहे. हे चित्र आज जपानमध्ये, ओसाकाच्या कलासंग्रहालयात आहे.

त्याच काळातल्या रेन रेनफाने एकाच पटावर दोन घोडे काढले, एक लठ्ठ आणि एक रोड. शेजारी त्याने अर्थही लिहिला. स्वतः झिजून प्रजेला पोसणारा अधिकारी रोड घोड्यासारखा. प्रजेला उपाशी ठेवून स्वतः फुगणारा लठ्ठ घोड्यासारखा. मांस आणि हाड हा वाद आता चित्रकलेपुरता उरला नाही, तो राज्यकारभारापर्यंत गेला.

आपल्या कागदावर बरगड्यांच्या चार रेघा ओढा. पाहा, तो लगेच वयाने वाढला.

आता मोठी उडी. 1941, पेनांग बेट, मलाया. उकाडा आहे. श्यू बेहोंग नावाचा चित्रकार उभ्याने काम करतो आहे. पॅरिसला त्याने शरीररचना शिकली, जिवंत घोडे समोर ठेवून शेकडो रेखाटनं केली. रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून तो शांतिनिकेतनात राहून आला आहे, तिथे त्याने गांधीजींचंही रेखाचित्र केलं. आता त्याच्या देशावर जपानी फौजा चालून आल्या आहेत, छांगशाची लढाई सुरू आहे आणि तो इथे प्रदर्शनं भरवून युद्धग्रस्तांसाठी पैसे गोळा करतो आहे. भरलेला कुंचला कागदावर टेकतो, एका फटकाऱ्यात मान येते, दुसऱ्यात छाती. आयाळ आणि शेपटी सुक्या कुंचल्याने ओढलेली, वाऱ्याने फाटल्यासारखी. घोडा कृश आहे, पाय लांब, सांधे उठून दिसणारे. तो सरळ तुमच्या अंगावर येतो आहे. दोर नाही, खुंट नाही. हान गानच्या घोड्याला जे करायचं होतं ते हा करतो आहे.

आणि इथून वाट आपल्याकडे वळते. पंढरपूरला जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून हात तयार झालेले मकबूल फिदा हुसेन 1952 मध्ये चीनला जातात. श्यू बेहोंगची कला आणि थांग काळातले भाजक्या मातीचे घोडे ते जवळून पाहतात. लहानपणी इंदूरला मोहरमच्या मिरवणुकीत पाहिलेला स्वाराविना घोडा, दुलदुल, त्यांच्या मनात आधीपासून आहेच. दोन्ही एकत्र येतात. हुसेनांच्या घोड्यात पाहा, मांस शोधू नका, हाडही मोजू नका. तिथे नुसता जोर उरला आहे, मागे वळलेली मान आणि ताणलेला जबडा. चांगआनच्या पागेतला श्वास तिथवर पोहोचला आहे.

शेवटचा मुक्काम. न्यूयॉर्क, मेट्रोपॉलिटन संग्रहालय. मंद उजेड, काच, आणि काचेमागे तो, ‘रात्र उजळणारा पांढरा’. 1977 पासून तो इथे आहे. तुम्ही त्याला ओळखता, खुराचा आवाजही आठवतो. मूळ चित्र केवढं आहे? 30.8 बाय 34 सेंटीमीटर, शाळेच्या चित्रकलेच्या वहीएवढं. पण ते ज्या गुंडाळीत बसवलं आहे, तिची लांबी अकरा मीटरांहून जास्त आहे. बाकीच्या जागेत आहे ते पाहणाऱ्यांचं लिखाण. दक्षिणी थांगचा शेवटचा राजा ली यू याने चित्राचं नाव लिहिलं. सोंग काळातल्या मी फू या जाणकाराची खूण आहे. अठराव्या शतकातला छ्येनलोंग सम्राट आपले शिक्के उठवून गेला. घोड्याच्या पोटाखाली, मानेपुढे, पाठीवरच्या मोकळ्या जागेत लाल शिक्केच शिक्के. बाराशे वर्षं लोक या घोड्यासमोर थांबले आणि काहीतरी लिहून पुढे गेले. एक वीत-दीड वीत घोडा, आणि त्यावरचा अभिप्राय अकरा मीटर.

आता तुमचा कागद काढा. त्यावर चुकलेला घोडा आहे, बाजूला सुधारलेला कान, नाकपुडी, डोळा, चार बरगड्या आणि काठावर सुक्या कुंचल्याचा एक फटकारा. चित्र म्हणून तो अर्धवट आहे. पण त्यावर एका मोतद्दाराची नजर आहे, एका कवीचा ठपका आहे, एका मुलाच्या पाठीवरचा कागद आहे. शिकणं असंच दिसतं.

घरी परतल्यावर कधीतरी तुमची मुलगी, पुतण्या किंवा शेजारचं पोर धावत येईल आणि घोड्याचं चित्र तुमच्यापुढे धरेल. आयाळ ज्वाळांसारखी असेल, तोंड उघडं असेल, चारही पाय सारखे असतील. तेव्हा ‘छान’ म्हणून चित्र परत देऊ नका. खाली बसा, नीट पाहा आणि विचारा, “हा रागावलाय की घाबरलाय?” मग त्याला खराखुरा घोडा पाहायला घेऊन जा.